डेबियन, उबुंटू आणि आपलं डिस्ट्रो: ग्राफिक्सची पॅकेजेस वाटून सांभाळायची तर आधी काय ठरवायचं

डेबियन किंवा उबुंटूवर आधारलेल्या एखाद्या छोट्या लिनक्स डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार वितरणाच्या) टीममध्ये तुम्ही नुकतेच आलात आणि कुणीतरी म्हणालं "मेसा तू बघ" (मेसा म्हणजे ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हरचा संच), तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बहुतेक जण काय करतात, सोर्स उतरवतात, बिल्ड मारतात, रिपोमध्ये टाकतात आणि चाललं की खूश होतात, मीही तेच केलं होतं. पहिल्यांदा चालतंच ते. तीन महिन्यांनी मेसाची नवी आवृत्ती येते, आपण मागच्या वेळी काय काय बदललं होतं ते कुणालाच आठवत नसतं, आणि मग खरी गंमत सुरू होते.

त्यामुळे बिल्ड कसं करायचं हे इथे थोडंच आहे. मुख्य मुद्दा आहे मूळ डिस्ट्रोपासून आपण किती वेगळं व्हायचं आणि तो वेगळेपणा नेमका कुठे ठेवायचा. या वेगळेपणाला सगळे डेल्टा म्हणतात, मीही तेच म्हणतो. (कमांड आणि पॅकेजची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरात करा.)

पायरी १: आधी कागदावर नकाशा काढा

ग्राफिक्स म्हणजे एक पॅकेज नाही, उतरंड आहे. तळाला कर्नलमधले डीआरएम ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलणारा भाग), त्यावर लिबडीआरएम (त्यांच्याशी बोलणारी लायब्ररी), त्यावर मेसा ज्यात ओपनजीएल, व्हल्कन, ईजीएल, जीबीएम सगळं येतं, शेजारी लिबजीएलव्हीएनडी (कुठल्या ड्रायव्हरचं ओपनजीएल वापरायचं ते ठरवणारी लायब्ररी), मग एक्स सर्व्हर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) आणि त्याचे ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला त्याची जागा घेणारं वेलँड, वेलँड-प्रोटोकॉल्स, लिबइनपुट आणि शेवटी डेस्कटॉपचा कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून स्क्रीनवर मांडणारा प्रोग्रॅम. शिवाय मेसाच्या पोटात एलएलव्हीएम (कंपायलरचा संच) आहे आणि आता रस्ट भाषासुद्धा आलीय.

पूर्वी असं नव्हतं. एक्सफ्री८६, म्हणजे तेव्हाचा एक्स सर्व्हर आणि त्याच्यासोबतचं सगळं, हा एकच अवाढव्य सोर्स होता. २००४ च्या सुरुवातीला त्याच्या ४.४ आवृत्तीत लायसन्स बदललं, डिस्ट्रोवाल्यांना ते पटलं नाही आणि बहुतेक सगळे त्यातूनच निघालेल्या एक्स.ऑर्गकडे वळले. डिसेंबर २००५ मध्ये एक्स११आर७.० आलं तेव्हा त्या एका गठ्ठ्याचे शेकडो सुटे तुकडे झाले. म्हणजे एक ड्रायव्हर बदलायला अख्खं एक्स बिल्ड करायची गरज संपली, पण प्रत्येक तुकड्याची आवृत्ती आणि कोण कुणाशी जुळतं याचा हिशोब पॅकेज करणाऱ्याच्या गळ्यात पडला. मजा म्हणजे उबुंटूने एप्रिल २००५ च्या ५.०४ मध्येच एक्स.ऑर्ग दिलं, त्यानंतर दोन महिन्यांनी आलेल्या डेबियन सार्जमध्ये मात्र अजून एक्सफ्री८६ च होतं आणि डेबियनच्या स्टेबलमध्ये (स्थिर रिलीजमध्ये) एक्स.ऑर्ग यायला एप्रिल २००७ चं एच नावाचं रिलीज उजाडलं. त्यामुळे काम कायम वरून खालीच वाहतं असं समजू नका, कधी कधी धाकटा भाऊ पुढे असतो.

आता कागदावर प्रत्येक पॅकेजसमोर तीनपैकी एक शेरा लिहा: जसंच्या तसं घेणार, थोडा बदल करून घेणार, की पूर्ण आपलंच. पहिल्या खेपेला दुसऱ्या शेऱ्याची यादी लांबलचक होते. एक दिवस जाऊ द्या, परत बसा आणि त्यातली निम्मी पहिल्या शेऱ्यात ढकला. लिबडीआरएम, वेलँड-प्रोटोकॉल्स, लिबजीएलव्हीएनडी यांना हात लावायचं खरं कारण माझ्याकडे तरी आजवर एकदाही आलेलं नाही.

पायरी २: जे आधीच वाटून चाललंय तिथे जाऊन बसा

डेबियनमध्ये एक्स आणि मेसा सांभाळणाऱ्या टीमला एक्स स्ट्राइक फोर्स म्हणतात. त्यांच्या गिट रिपो साल्सावर आहेत, साल्सा म्हणजे डेबियनचा स्वतःचा गिटलॅब, २०१८ मध्ये जुन्या अलिओथच्या जागी आला. उबुंटूचे ग्राफिक्सवाले याच रिपोमध्ये काम करतात. म्हणजे एकाच रिपोमध्ये डेबियन-अनस्टेबल, डेबियन-एक्सपेरिमेंटल, अपस्ट्रीम-अनस्टेबल आणि उबुंटू अशा ब्रँच शेजारी शेजारी नांदतात (अनस्टेबल म्हणजे डेबियनचा रोज बदलणारा भाग, एक्सपेरिमेंटल त्याहून कच्चा, अपस्ट्रीम म्हणजे मेसाचे मूळ लेखक), डेबियनमध्ये काही बदललं की उबुंटूच्या ब्रँचमध्ये सरळ गिट मर्ज करायचं, संपला विषय.

तुम्हीही हेच करा. टारबॉल (सोर्सचा बांधलेला गठ्ठा) उतरवून नवीन कोरी रिपो सुरू करण्याचा मोह होतो, कारण ते पाच मिनिटांत होतं, पण मग तुमच्या आणि डेबियनच्या इतिहासात समान पूर्वजच राहत नाही आणि गिटला मर्ज म्हणजे काय तेच कळत नाही, दर तीन महिन्यांनी तुम्ही दोन डिरेक्टरी समोर ठेवून डोळ्यांनी फरक शोधत बसणार. साल्सावरची रिपो क्लोन करा, आपल्या डिस्ट्रोच्या नावाची एक ब्रँच काढा आणि आपले सगळे बदल त्या ब्रँचवरच, प्रत्येक बदल वेगळ्या कमिटमध्ये. ब्रँचची नावं कशी असावीत याची डेप-१४ नावाची पद्धत आहे ती वाचून घ्या, पण ज्या रिपोमध्ये जुनी नावं चालू आहेत तिथे जाऊन नावं बदला म्हणून वाद घालू नका, पाहुण्याने घरातलं फर्निचर हलवू नये.

पायरी ३: तीन कॅलेंडरं एकावर एक ठेवा

मेसाची नवी आवृत्ती साधारण दर तीन महिन्यांनी येते, २०१७ पासून आवृत्तीचा पहिला आकडा म्हणजे वर्ष. मधे दर दोन आठवड्यांनी दुरुस्तीच्या छोट्या आवृत्त्या. शेवटी .० असलेली आवृत्ती आली की लगेच उडी मारू नका. मेसावाले स्वतःच त्या घोषणेत लिहितात की ज्यांना स्थिरता हवी त्यांनी मागच्या आवृत्तीवर राहावं किंवा .१ ची वाट बघावी. ते सांगतायत तर ऐका.

उबुंटू एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतं, एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट असलेलं रिलीज) दर दोन वर्षांनी. डेबियन साधारण दोन वर्षांनी, पण तारीख तयारी झाल्यावर ठरते. रिलीज जवळ आलं की डेबियन फ्रीझ होतं, अनस्टेबलमध्ये मोठे बदल जवळजवळ थांबतात आणि नवीन मेसा एक्सपेरिमेंटलमध्ये जायला लागतो. त्या महिन्यांत तुम्ही डेबियन-अनस्टेबल ब्रँचवरून मर्ज करत राहिलात तर "काहीच नवीन का येत नाहीये" म्हणत बसाल, त्या काळात एक्सपेरिमेंटलच्या ब्रँचवरून घ्यायचं. उबुंटूकडे उलटं, तिथे डेबियन इम्पोर्ट फ्रीझची तारीख असते, ती उलटली की डेबियनमधून आपोआप येणं बंद, मग प्रत्येक गोष्ट कुणीतरी हाताने मागून घ्यावी लागते.

या तीन कॅलेंडरांवर आपली तारीख अशी टाका की मेसाची .१ किंवा .२ आलेली असेल आणि मूळ डिस्ट्रोमध्ये ती दोन-तीन आठवडे फिरलेली असेल. आपण पहिले असण्यात काही बक्षीस नाही.

एक प्रश्न इथे येणारच: जुन्या रिलीजवर नवीन हार्डवेअर चालवायचं काय? उबुंटूने २०१३ मध्ये १२.०४.२ पासून यासाठी एचडब्ल्यूई (हार्डवेअर एनेबलमेंट) स्टॅक सुरू केला, तेव्हा पुढच्या रिलीजमधली ग्राफिक्सची पॅकेजेस नावाला शेपूट लावून एलटीएसमध्ये आणायचे, एलटीएस-क्वांटल वगैरे. दोन समांतर स्टॅक, दुप्पट पॅकेजेस, अपग्रेड करताना नावांचा गोंधळ. पुढे मेसा त्याच नावाने अपडेट म्हणून जुन्या एलटीएसमध्ये देण्याची पद्धत आली आणि ते कितीतरी सोपं झालं. आपल्यासारख्या चार माणसांच्या टीमने शेपटाच्या वाटेला जाऊच नये.

पायरी ४: आवृत्तीचा नंबर, म्हणजे माझी फजिती

हा भाग नीट वाचा कारण इथली चूक रिपोमधून पॅकेज काढून टाकून सुधारत नाही, ती लोकांच्या मशीनवर जाऊन बसलेली असते.

नियम थोडक्यात असा. डेबियनची २२.३.६-१ घेतली आणि त्यात बदल केला तर उबुंटूमध्ये ती २२.३.६-१उबुंटू१ होते. डेबियनमध्ये अजून आलेलीच नाही अशी आवृत्ती उबुंटूने आधी केली तर २२.३.६-०उबुंटू१, म्हणजे उद्या डेबियनची -१ आली की ती आपोआप मोठी ठरते. आणि टिल्डा, हे ~ चिन्ह, म्हणजे "यापेक्षा लहान". टिल्डा लावलेली आवृत्ती टिल्डा नसलेल्यापेक्षा कायम खाली धरली जाते, म्हणून डेबियन बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे जुन्या रिलीजसाठी केलेल्या नव्या आवृत्त्यांमध्ये, २२.३.६-१~बीपीओ११+१ असं लिहितात.

मी काय केलं, बुल्सआयवर (डेबियन ११) आधारलेल्या आमच्या रिलीजसाठी पुढच्या रिलीजमधला २२.३.६-१ मेसा आणला आणि कौतुकाने त्याला २२.३.६-१ च्या पुढे डिस्ट्रोचं नाव आणि १ असं लावून दिलं, टिल्डा नाही. सहा महिने सगळं छान. मग आम्ही बुकवर्मवर (डेबियन १२) गेलो, तिथेही २२.३.६-१ च होता, पण लोकांच्या मशीनवरची आमची आवृत्ती त्याच्यापेक्षा मोठी, त्यामुळे एपीटी (पॅकेज बसवणारं टूल) म्हणालं तुमच्याकडे नवीनच आहे, हलणार नाही. आणि तो मेसा जुन्या रिलीजच्या एलएलव्हीएमवर बिल्ड केलेला, नवीन रिलीजच्या रिपोमध्ये ती जुनी लायब्ररी नाही. काहींचा अपग्रेड अर्ध्यात अडकला, काहींनी वैतागून ती लायब्ररी काढली तर सोबत डेस्कटॉपही गेला. एका टिल्ड्यापायी दोन आठवडे मी फक्त उत्तरं देत होतो.

तेव्हापासून अपलोडआधी डीपीकेजीचा (एपीटीच्या खालचं टूल) कंपेअर-व्हर्जन्स पर्याय चालवून तीन तुलना करतोच: आपली आवृत्ती सध्याच्या मूळ आवृत्तीपेक्षा मोठी आहे ना, पुढच्या रिलीजमधल्यापेक्षा लहान आहे ना, आणि मूळवाल्यांनी उद्या सिक्युरिटी अपडेट दिलं तर ते आपल्यापेक्षा मोठं ठरेल ना. अंदाजाने ठरवू नका, डीपीकेजीचा क्रम डोक्यात बसत नाही, त्यात अक्षरं अधिकच्या चिन्हाच्या आधी येतात, असल्या भानगडी आहेत.

इपॉक नावाचा एक ब्रह्मास्त्र टाइप प्रकार असतो, आवृत्तीच्या आधी आकडा आणि कोलन. ते वापरू नका. एकदा लावलं की कायमचं लागतं, एक्स सर्व्हरच्या पॅकेजला आजही २: आहे आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या प्रत्येकाला आवृत्ती लिहिताना ते लक्षात ठेवावं लागतं.

पायरी ५: डेल्टा कुठे ठेवायचा

बदल चार प्रकारचे असतात: बिल्डचे पर्याय, कोडमधले पॅच, पॅकेजची वाटणी आणि डीफॉल्ट सेटिंग. यातलं शेवटचं शक्यतो मेसाच्या पॅकेजमध्ये घुसवूच नका, आपल्या डिस्ट्रोचं वेगळं सेटिंगचं पॅकेज करा, त्यात फाइल टाका, मेसा अख्खा डेबियनचा तसाच राहतो. मला वाटतं निम्मा डेल्टा असाच मरतो.

बिल्डचा पर्याय बदलायचा असेल, समजा एखादा ड्रायव्हर आपल्याला हवा आणि डेबियनला नको, तर डेबियन/रूल्स फाइलमध्ये डीपीकेजी-व्हेंडर वापरून अट घालता येते, उबुंटूपासून निघालेलं असेल तर हे कर नाहीतर ते. अट लहान आणि स्वच्छ असेल तर डेबियनची टीम ती स्वतःच्या ब्रँचमध्येही घेते, म्हणजे एकच सोर्स दोन्हीकडे चालतो आणि तुमचा डेल्टा शून्य.

हीच युक्ती पॅचसाठी करू नका. पूर्वी उबुंटू.सीरीज अशी वेगळी फाइल ठेवून डिस्ट्रोप्रमाणे वेगळे पॅच लावता यायचे, पण २०१८ मध्ये डेबियनच्या टेक्निकल कमिटीने ही पद्धत डेबियनमध्ये चालणार नाही असं ठरवलं. कारण साधं आहे, तोच सोर्स एका मशीनवर उघडला तर एक कोड आणि दुसऱ्यावर उघडला तर दुसरा, मग माणूस नक्की काय वाचतोय हे त्यालाच माहीत नाही. पॅच वेगळे तर ब्रँच वेगळी.

प्रत्येक पॅचच्या डोक्यावर डेप-३ ची माहिती लिहा: कशासाठी, कुठून घेतला, कुठला बग, अपस्ट्रीमला पाठवला की नाही. यातली फॉरवर्डेडची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तिथे "नाही, गरज नाही" असं लिहायचं असेल तर कारणही लिहा, नाहीतर वर्षभराने येणारा नवीन माणूस तो पॅच भीतीपोटी तसाच ओढत राहतो, मी स्वतः एक पॅच असाच चार आवृत्त्या ओढलाय, नंतर कळलं की ज्या फाइलवर तो लागत होता ती बिल्डमध्येच येत नव्हती! चेंजलॉगमध्ये उबुंटूवाले प्रत्येक मर्जला "उरलेले बदल" म्हणून यादी देतात, ती सवय डोळे झाकून उचला.

३२ बिटचा सापळा

ही वेगळी पायरी नाही पण नवीन माणूस हमखास इथे पडतो. उबुंटूने १९.१० पासून आय३८६ (३२ बिट) पूर्ण आर्किटेक्चर म्हणून बंद केलं, पण वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं) आणि स्टीमसाठी (गेमसाठीचं) लागणाऱ्या ३२ बिट लायब्ररी चालू ठेवल्या, त्यात मेसा आलाच. मल्टी-आर्च: सेम असं लिहिलेल्या पॅकेजेसचा नियम असा की दोन्ही आर्किटेक्चरची आवृत्ती अक्षरशः सारखी हवी, नाहीतर दोन्ही एकत्र बसत नाहीत. आता तुमच्याकडे बिल्ड सर्व्हर एकच, त्यावर तुम्ही एएमडी६४ (६४ बिट) चा मेसा केला आणि रिपोमध्ये टाकला. तुमच्या मशीनवर उत्तम. ज्याने स्टीम टाकलंय त्याच्याकडे ३२ बिटचा मेसा मूळ डिस्ट्रोचा, ६४ चा तुमचा, आवृत्ती वेगळी, आणि एपीटी एकतर अपडेटला नकार देतं किंवा स्टीम काढू का विचारतं. गेम खेळणाऱ्यांइतके चिडलेले बग रिपोर्ट कुणी लिहीत नाही, अनुभव आहे. त्यामुळे डेल्टा घ्यायच्या आधी विचारा, आपण दोन्ही आर्किटेक्चर प्रत्येक वेळी बिल्ड करू शकतो का? उत्तर नाही असेल तर मेसा जसंच्या तसं घ्या आणि शांत झोपा.

पायरी ६: कुणाच्या आधी कोण

एक्सचे ड्रायव्हर एक्स सर्व्हरच्या ठरावीक एबीआयला (बिल्ड झालेले भाग एकमेकांशी कसे जुळतात त्या आखणीला) बांधलेले असतात. सर्व्हरचं पॅकेज एक्सऑर्ग-व्हिडिओ-एबीआय-२५ असं काहीतरी पुरवतं आणि ड्रायव्हर त्यावर अवलंबून असतो, आकडा बदलला की सगळे ड्रायव्हर परत बिल्ड. म्हणून सर्व्हर आणि ड्रायव्हर एकत्रच हलवायचे, सर्व्हर आज आणि ड्रायव्हर पुढच्या शनिवारी असं नाही.

मेसाचं एलएलव्हीएमशी तसंच. मेसाला एलएलव्हीएम लागतं, ओपनसीएलसाठी लिबसीएलसी आणि एसपीआयआरव्ही-एलएलव्हीएम-ट्रान्सलेटर लागतात, आणि हे सगळे एकाच एलएलव्हीएम आवृत्तीचे असावे लागतात. नव्या मेसात एनव्हिडियासाठीच्या एनव्हीके ड्रायव्हरचा शेडर कंपायलर रस्टमध्ये आहे, म्हणजे रस्टसी (रस्टचा कंपायलर), बिंडजेन आणि काही क्रेट्स (रस्टच्या लायब्ररी) पण हवेत. जुन्या रिलीजवर नवीन मेसा आणणं सोपं वाटतं पण बहुतेक वेळा खरा अडथळा मेसा नसतोच, त्याच्या खालचा कंपायलर असतो. आणायचं ठरवण्याआधी डेबियन/कंट्रोलमधली बिल्ड-डिपेंड्सची यादी जुन्या रिलीजसमोर ठेवून बघा, तीनपेक्षा जास्त गोष्टी सोबत ओढाव्या लागणार असतील तर मी तो विषय सोडून देतो.

हलवायचा क्रम: लिबडीआरएम, मग एलएलव्हीएमचा गठ्ठा, मग मेसा, मग एक्स सर्व्हर आणि ड्रायव्हर. वेलँड-प्रोटोकॉल्स कंपोझिटरच्या आधी.

पायरी ७: बिल्ड आणि तपासणी

बिल्ड स्वतःच्या रोजच्या मशीनवर करू नका, एसबिल्ड किंवा पीबिल्डरने स्वच्छ क्रूटमध्ये (मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या कोऱ्या सिस्टिममध्ये) करा. लिंटियन (पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल) चालवा. डेबडिफने मूळ आणि आपलं पॅकेज शेजारी ठेवून बघा, जो फरक तुम्ही ठरवला नव्हता तो दिसला तर तिथेच थांबा.

मग खरं हार्डवेअर. इंटेल, एएमडी, एनव्हिडिया प्रत्येकी एक तरी, आणि एक व्हर्च्युअल मशीन. फक्त डेस्कटॉप आला म्हणून पास करू नका, कारण ड्रायव्हर बसला नाही तर मेसा गुपचूप एलएलव्हीएमपाइपवर जातो, म्हणजे सगळं चित्र प्रोसेसर काढतो, स्क्रीन दिसते, फक्त पंखा ओरडतो. जीएलएक्सइन्फो -बी चालवून रेंडररच्या ओळीत कार्डाचं नाव आहे का बघा, व्हल्कनसाठी व्हल्कनइन्फो --समरी. एकदा सस्पेंड करून उठवा, बाहेरचा मॉनिटर लावून काढा, ऑटोपीकेजीटेस्टला (पॅकेजची आपोआप होणारी चाचणी) यातलं काही सापडत नाही.

आणि तपासायला बसण्याआधी एसएसएच चालू ठेवा, जुन्या डेब फाइल बाजूला ठेवा. स्क्रीन काळी झाल्यावर या दोन गोष्टी आठवून उपयोग नसतो.

लोकांना द्यायचं तेही एकदम नाही. डेबियनमध्ये अनस्टेबलमधून टेस्टिंगला जायला काही दिवस जातात, उबुंटूच्या चालू रिलीजसाठीचं अपडेट किमान सात दिवस प्रपोज्ड नावाच्या चाचणीच्या रिपोमध्ये बसतं. आपल्याकडेही एक वेगळा टेस्टिंग रिपो असावा, त्यात आठवडाभर तरी. तिथे दहा माणसं असली तरी पुरतात, फक्त त्यांची कार्डं वेगवेगळी हवीत.

पायरी ८: डेल्टा परत पाठवा

पॅच कामाचा असेल तर तो आपल्याकडे ठेवण्यात शहाणपणा नाही. कोडमधला असेल तर थेट मेसाला मर्ज रिक्वेस्ट, पॅकेजिंगमधला असेल तर साल्सावर. उबुंटूची माणसं डेबियनला पॅच पाठवायला सबमिटटूडेबियन नावाचं टूल वापरतात, आपल्यालाही चालतं. पाठवताना "आमच्या डिस्ट्रोला हवंय" असं लिहू नका, त्याने कुणाला काही फरक पडत नाही; कुठल्या कार्डावर काय बिघडतं आणि डेबियनवर ते कसं दिसतं ते लिहा, म्हणजे आधी डेबियनवर जाऊन बिघडवून बघा. उत्तर यायला वेळ लागतो, टीम छोटी आहे. दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा, रोज नको.

पॅच स्वीकारला गेला की पुढच्या मर्जला तो आपल्या ब्रँचमधून खरंच काढून टाकायचा, हे काम लोक विसरतात आणि मग तोच बदल दोनदा लागायचा प्रयत्न होऊन बिल्ड पडतं. शेवटचा पॅच गेला तर आपली ब्रँच डेबियनच्या ब्रँचशी डिफ करा, चेंजलॉग सोडून काही उरलं नसेल तर पुढची आवृत्ती स्वतः बिल्ड करू नका, मूळ पॅकेज सिंक करा, आपल्या रिपोमधलं काढा आणि पायरी १ च्या कागदावर मेसासमोरचा शेरा खोडून "जसंच्या तसं" लिहा.